रमाबाई रानडे आणि माझी परीक्षा

मी इच्छापूरची. बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेलं आमचं गाव. टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर आणि खाली केळीच्या बागा. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत, असं माझं शिक्षण झालं. सध्या मी एनक्लेक्सची तयारी करतेय. अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याचा परवाना मिळवायचा तर ही परीक्षा द्यावी लागते. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न. नुसतं पाठांतर करून भागत नाही. चार पेशंट समोर ठेवतात आणि आधी कोणाकडे जाल, असं विचारतात.

मंडळानं चरित्रात्मक लेख मागितला तेव्हा मैत्रिणींना वाटलं, मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर लिहिणार. पण त्याच आठवड्यात एका स्थळानं मला नाइट ड्युटीचं कारण देऊन नकार कळवला होता. घरात कोणी काही बोललं नाही, पण जेवताना सगळे गप्प होते. त्या दिवसांत लायब्ररीत रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हाती लागलं. तोवर न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी एवढीच मला त्यांची ओळख होती.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 चा. माहेर कुर्लेकरांचं, देवराष्ट्र्याचं. मुलींना शिकवण्याची त्या घरात रीत नव्हती. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. ते 31 वर्षांचे, विधुर आणि नावाजलेले सुधारक. त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी लोकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही. त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं, आधी मराठी आणि मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे बिलकुल खपत नव्हतं. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री धडा गिरवायचा, असं ते शिक्षण. 1879 मध्ये रानड्यांची बदली धुळ्याला झाली, म्हणजे आमच्या खानदेशात. त्या काळात सरकारची त्यांच्यावर नजर होती.

16 जानेवारी 1901 ला रानडे गेले. रमाबाई तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल रमाबाईंनी लिहिलेली पानं वाचताना मला सारखं वाटत होतं, ही बाई पेशंटचं निरीक्षण करतेय. पेशंटजवळ बसून त्याच्यात होणारा बदल टिपणं, हाच आमचाही पहिला धडा असतो.

नवऱ्यामागे वर्षभर त्या पुण्यात घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यातल्या रुग्णांकडे फळं आणि पुस्तकं नेऊ लागल्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं. त्याच्या अध्यक्षपदी रमाबाई होत्या. 1909 मध्ये पुण्यातही सेवासदन सुरू झालं, तिथे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्यासोबत होते.

सेवासदनात शिवण आणि लिहिणं-वाचणं शिकवलं जाई, त्याला फारशी कोणाची हरकत नव्हती. कठीण होतं ते नर्सिंग. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रुग्णाचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, आणि हे सगळं विधवेनं करायचं? मिरजेसारख्या ठिकाणी मिशनची हॉस्पिटलं होती, पण तेव्हा शिकलेल्या नर्स बहुतेक ख्रिस्ती असत. हिंदू घरातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसत, आणि बाळंतपण न शिकलेल्या सुइणीच्या हाती. हात न धुता केलेल्या बाळंतपणानं किती बायका तापानं गेल्या असतील! रमाबाईंनी सेवासदनाच्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग आणि सुईणपण शिकायला पाठवलं. त्यांच्या राहण्याची वेगळी सोय केली. आळंदीच्या यात्रेतही सेवासदनाच्या बायका आजारी वारकऱ्यांची सेवा करू लागल्या.

यात रमाबाईंच्या नावाचा मोठा भाग होता, असं मला वाटतं. रानड्यांच्या घरातली बाई पाठीशी आहे म्हटल्यावर पुष्कळ घरांनी आपल्या लेकी-सुना पाठवायला होकार दिला असेल. स्वतः त्या नर्स नव्हत्या. आपली पत त्यांनी दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरली. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, 1962 मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

आता माझ्या परीक्षेतला एक प्रश्न सांगते. बाळंतीण आहे, रक्तस्राव जास्त होतोय, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागतंय. पहिलं काय करणार? पर्यायांत डॉक्टरांना बोलावणं असतं, रक्तदाब बघणं असतं. उत्तर आहे: आधी हातानं गर्भाशय चोळायचं, ते घट्ट व्हायला हवं, आणि मग बाकीचं. गर्भाशय घट्ट न होता एका बाजूला सरकलं असेल तर मूत्राशय भरलंय का तेही बघायचं. थोडा वेळ वाया गेला तरी बाई हातची जाते.

हे उत्तर मला सहा महिन्यांपूर्वीच पाठ झालं होतं. रमाबाई वाचल्यावर त्यातला हात दिसला. परक्या बाळंतिणीच्या पोटावर असा हात ठेवायची आमच्यासारख्या घरातल्या बायकांना एकेकाळी परवानगीच नव्हती. ती मिळवायला कोणाला तरी आधी लोकांचं बोलणं खावं लागलं.

नकाराचा विषय आता घरात निघत नाही. परवा आजीनं विचारलं की त्या रानडेबाईंच्या नर्सांना रात्रपाळी असायची का. मी म्हटलं, असणारच, दुखणं काय दिवस बघून येतं? आजीनं मान हलवली आणि चहा पुढे केला. माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.