क्लाराचे दोन हात

पेटी शिकले तेव्हा माझा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असायचा. पियानोचं तसं नाही. दोन्ही हात वेगवेगळं वाजवतात आणि ऐकणाऱ्याला ते एकच वाटायला हवं. आधी एकेक हात सावकाश बसवायचा, मग छोटा तुकडा दोन्ही हातांनी घ्यायचा. एकत्र केलं की जमलेलंही मोडतं!

म्हणून मला क्लारा शूमानचं फार कौतुक वाटतं. १८१९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला जन्मलेली ही मुलगी बोलायलासुद्धा उशिरा लागली. आईवडील विभक्त झाले आणि पाच वर्षांची क्लारा वडिलांकडे राहिली. ते पियानो विकायचे आणि शिकवायचेही. त्यांनी तिच्यापुढे आधी स्वरलिपी ठेवलीच नाही. कान आणि बोटं तयार केली. रियाज मोजका, पण रोज लांबवर फिरायला न्यायचेच. नवव्या वर्षी ती मोठ्या सभागृहात वाजवू लागली.

रॉबर्ट शूमान वडिलांचाच शिष्य. उजव्या हाताच्या बोटानं दगा दिला आणि त्याचं वादक होणं राहिलं. मग त्यानं रचलेल्या अवघड रचना लोकांपर्यंत नेल्या त्या क्लाराच्या हातांनी. वडिलांचा लग्नाला कडाडून विरोध, प्रकरण कोर्टात गेलं. १८४० मध्ये लग्न झालं खरं, पण घराच्या भिंती पातळ. तो लिहायला बसला की हिचा पियानो बंद! मैत्रिणींनो, हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसतीच बसले.

आठ बाळंतपणं झाली, एक मूल गेलं. १८५४ मध्ये रॉबर्टनं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, पण उरलेली दोन वर्षं मनोरुग्णालयातच काढली. सात मुलांचं पोट क्लारानं गावोगाव कार्यक्रम करून भरलं.

१८७७ मध्ये साधा ड्रॉवर ओढताना तिच्या उजव्या हाताची शीर दुखावली. योगायोग बघा, नेमकी तेव्हाच तिचा मित्र ब्राम्स याची टपालानं भेट आली. बाखची व्हायोलिनसाठीची एक दीर्घ रचना त्यानं पियानोवर बसवली होती, तीही फक्त डाव्या हातासाठी! हिच्या दुखण्याचा त्याला पत्ताही नव्हता. तिनं ती लगेच वाजवायला घेतली.

पुढच्याच वर्षी ती फ्रँकफर्टच्या संगीतशाळेत शिकवू लागली. १८९२ पर्यंत शिकवत होती, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तरीपर्यंत.