विश्लेषण : शाळेत जेमतेम शिकलेल्या फॅरेडेंनी रसायनशास्त्राला शब्द कसे दिले?

आयन, ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलिसिस… रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकताना मुले याच शब्दांपाशी अडखळतात. हे शब्द १८३४ मध्ये मायकल फॅरेडे यांच्या एकाच शोधनिबंधातून पुढे आले. गंमत अशी, की त्यांचे शालेय शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले होते आणि हे शब्द ज्या ग्रीक भाषेतून आले, ती त्यांना येतच नव्हती.

भाषा कुठे शिकले?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळचा. वडील लोहार, तेही आजारी. तेराव्या वर्षी मायकल जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. पुढे तिथेच सात वर्षे बुकबाइंडिंगची उमेदवारी केली. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यात जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक होते. एक शिक्षिका दोन मुलींशी साध्या इंग्रजीत बोलते आहे, अशी त्याची मांडणी. वाचलेले खरे का, हे तो खिशाला परवडतील तेवढे प्रयोग करून तपासत असे. रसायन आणि भाषा असे हातात हात घालूनच त्याच्याकडे आले.

१८१२ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्हींची चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची नोकरी मिळाली. ही कथा सगळे सांगतात. त्यामागची खटपट मात्र फारशी सांगितली जात नाही. आपले व्याकरण आणि विरामचिन्हे कच्ची आहेत हे ओळखून फॅरेडे लिहिण्याच्या सरावासाठी बेंजामिन ॲबट या मित्राला लांबलचक पत्रे लिहीत. एडवर्ड मॅग्राथ हे मित्र त्यांच्या भाषेतल्या चुका दाखवत. वक्तृत्वाचे धडेही त्यांनी पैसे मोजून घेतले.

नवे शब्द कशासाठी?

क्षारांच्या द्रावणातून वीज सोडली की पदार्थाचे घटक सुटे होऊन दोन टोकांकडे जातात. त्या टोकांना तेव्हा ‘पोल’ म्हणत. या शब्दामुळे ती टोके चुंबकासारखी घटकांना ओढतात, असा समज होई. फॅरेडेंच्या मते टोक म्हणजे विजेच्या येण्या-जाण्याचा नुसता दरवाजा. शब्दच चुकीचा असेल तर विचारही चुकणार, म्हणून त्यांनी जाणकारांना गाठले. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनी ॲनोड, कॅथोड आणि आयन सुचवले. (‘सायंटिस्ट’ हा शब्दही ह्यूएल यांचाच.) आयन म्हणजे जाणारा. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी. प्रवाह सूर्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असे धरा. तो जिथून आत शिरतो ती उगवतीची बाजू ॲनोड, बाहेर पडतो ती मावळतीची बाजू कॅथोड.

इलेक्ट्रॉन तेव्हा कुठे होता?

कुणालाच ठाऊक नव्हता. ठरावीक विजेमागे ठरावीक पदार्थ सुटा होतो, हा फॅरेडेंचा नियम होता. त्यावरूनच पुढे विजेचेही कण असावेत असा तर्क निघाला. जॉर्ज स्टोनी यांनी १८९१ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव दिले, जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये तो कण दाखवला. फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजीच गेले होते. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, दोघेही आयन होतात आणि विरुद्ध प्रभारांमुळे बांधले जातात, हे आयनिक बंधाचे आजचे चित्र त्यांनी पाहिलेच नाही. त्यांचे शब्द मात्र त्यात चपखल बसले.

मराठी शब्दांचे काय?

आपल्या पुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते बरोबर ठरते. पण चालू असलेल्या बॅटरीत ॲनोडच ऋण टोक असतो, आणि इथे विद्यार्थ्याची फसगत होते. फॅरेडेंच्या शब्दात धन-ऋण नाही, फक्त दिशा आहे. बॅटरीतही प्रवाह आत द्रावणात शिरतो तो ॲनोडकडूनच.