गाडगेबाबा आणि पंढरपूरची धर्मशाळा

या स्मरणिकेतील लेखांची यादी करायला आम्ही मंडळी विहारात बसलो, तेव्हा गाडगेबाबांचे नाव निघाले आणि लगेच दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की, बाबा थोर होते यात वाद नाही, पण ते शेवटपर्यंत कीर्तन करीत राहिले, पंढरपूरच्या वाऱ्या करीत राहिले. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपल्या विहाराच्या अंकात त्यांचे चरित्र कशाला? प्रश्न रास्त होता. आम्ही तो टाळला नाही. पण पंढरपूरच्या धर्मशाळेची हकिगत मांडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, आणि तिथवर जायचे तर सुरुवात शेंडगावापासून करावी लागते.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड काही पाहिले नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली ती कागदावरच्या अक्षरांमुळे, आणि ती अक्षरे घरात कुणालाच वाचता येत नव्हती. पुढे हा माणूस आयुष्यभर शिक्षण शिक्षण करीत फिरला, त्याचे मूळ आम्हाला इथेच दिसते.

मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घातली नाही, गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले. बापाला दारूने नेलेला पाहिलेल्या पोराने दुसरे काय करावे?

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री ते घर सोडून निघाले. वय एकोणतीस पुरे व्हायला आले होते. घरात म्हातारी आई, बायको कुंताबाई, लेकरे. या माणसांच्या वाट्याला काय आले याचा विचार आमच्या मनात आल्याशिवाय राहत नाही, आणि चरित्र सांगताना तो गाळू नये असे वाटते. पुढे धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. लोकांच्या पैशाने उभे केलेल्या कामावर घरच्यांचा हक्क बाबांनी मानला नाही.

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना ओळखू लागले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे, मग रात्री कीर्तन. त्यांचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना एकेक प्रश्न घालीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. नवसाला बकरे का कापता, कर्ज काढून लग्न का करता, माणसाचा विटाळ का मानता, असे ते प्रश्न. सांगणे साधे असे. ताट नसेल तर हातावर भाकर घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका.

आता पंढरपूर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वारीला आलेल्या महार-मांगांना विठोबाच्या देवळात जाता येत नसे. चोखोबाच्या समाधीपाशी थांबायचे, तिथूनच हात जोडायचे. देऊळ उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देवळाची ही गत, तर मुक्कामाला जागा कोण देणार? बायाबापड्या, पोरंबाळं वाळवंटात पाऊसपाण्यात पडून राहत. बाबांनी सावकार, व्यापाऱ्यांकडून पैसा जमवला आणि या लोकांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. देऊळ बांधून देणारे दाते त्या काळी पुष्कळ होते. अस्पृश्याला हक्काने पथारी टाकता यावी म्हणून पक्की इमारत बांधणारे किती निघतील?

तरी आमच्या मते मोठी गोष्ट नंतरची आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. आणि १९४९ साली गाडगेबाबांनी ही चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. वारकऱ्यांसाठी उभी केलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या स्वाधीन झाली. देवाला येणाऱ्याच्या निवाऱ्यापेक्षा शिकणाऱ्या पोराचा निवारा निकडीचा, हे एका निरक्षर कीर्तनकाराला कळले होते. ज्या पुढाऱ्याने १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते, त्याच्याच हाती पंढरपुरातली इमारत द्यायला बाबांना संकोच वाटला नाही. आमच्या बैठकीत हे सांगून झाल्यावर वाद बराच निवळला.

सरकारने पुढे २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले, २००५ मध्ये अमरावतीच्या विद्यापीठालाही दिले. चांगले झाले. पण भिंतीवरच्या चित्रात बाबा खराटा घेऊनच उभे दिसतात. पंढरपूरच्या वसतिगृहाचे चित्र आम्ही तरी कुठे पाहिले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले, ते ध्वनिमुद्रित झाले आहे. शेवटच्या कीर्तनांपैकी ते एक. आपल्या मुलांनी ते जरूर ऐकावे. त्यात बाबा समोरच्या कामकरी लोकांना शिक्षणाचे सांगता सांगता बाबासाहेबांचा दाखला देतात. त्यांच्या वडिलांना पोराला शाळेत घालायची बुद्धी झाली, म्हणून या देशाची घटना त्या पोराच्या हातून झाली, असा त्याचा आशय. नागपूरची दीक्षा होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. बाबा ऐंशी वर्षांचे होते, शरीर थकले होते.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी गाडगेबाबांना मोटारीतून अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीला त्यांची समाधी आहे.