गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : ५ जून १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायक-नट, नाटककार व लेखक होते. 'संगीत मानापमान' या नाटकातील पदांच्या चाली आणि 'अयोध्येचा राजा' या बोलपटातील हरिश्चंद्राची भूमिका यांमुळे त्यांना व्यापक लोकप्रियता लाभली. तथापि त्यांची मूळ ओळख पेटीवादक अशीच होती, आणि पेटी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कानावर विसंबून आत्मसात केली होती.

संगीताची घडण

टेंबे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे अल्लादियाखाँ यांच्यासारखे गायक त्या काळी कोल्हापुरात स्थायिक झाले होते. गाण्याचे दर्दी लोक देवल क्लबात एकत्र येत. बाहेरगावचे कलावंतही तेथे हजेरी लावत. शास्त्रोक्त संगीताची दीक्षा आपल्याला या क्लबामुळे मिळाली, असे टेंबे मानत. गुरूगृही राहून विद्या संपादन करण्याच्या त्या काळात त्यांचे शिक्षण प्रामुख्याने ऐकण्यातून झाले.

ज्या वाद्यावर त्यांचे मन जडले, त्याला परंपरेत स्थानही नव्हते. हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले गेले. भारतात ते युरोपीय लोकांबरोबर आले. येथे त्याची पायपेटी मागे पडून हातपेटी रूढ झाली, कारण जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या कलावंताला तीच सोयीची होती. मात्र पेटीच्या प्रत्येक पट्टीचा स्वर कायमचा ठरलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणारी मींड तीवर निघत नाही, आणि सप्तकाचे १२ समान भाग केलेले असल्याने रागारागांतील सूक्ष्म श्रुतिभेदही दाखवता येत नाहीत. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार पेटीवर जसाच्या तसा वाजवणे अशक्यच. गायकीचा आभास निर्माण करायचा, तर कणस्वर, स्वरसमूहांची गुंफण आणि भात्यावरील हाताचा ताबा एवढीच साधने वादकाजवळ उरतात. या तुटपुंज्या साधनांवर टेंबे यांनी गायकी अंगाचे वादन उभे केले, ही त्यांची खरी कामगिरी म्हटली पाहिजे.

या कामी त्यांना सर्वाधिक उपयोग झाला तो भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या साथीचा. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकी आत्मसात केल्या होत्या. साथीदाराला गायकाची पुढची जागा क्षणभर आधी ओळखावी लागते; ती चुकली तर सर्व श्रोत्यांसमक्ष चुकते. त्यामुळे बुवांच्या मैफली टेंबे यांच्यासाठी तालीमच ठरल्या. अल्लादियाखाँ यांच्याकडून मात्र त्यांना रीतसर तालीम कधीच मिळाली नाही. तरीही ते खाँसाहेबांना आपले गुरू मानत.

रंगभूमी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना टेंबे यांनी चाली दिल्या. तोपर्यंतच्या संगीत नाटकांत कीर्तन, साकी-दिंडी व कर्नाटकी वळणाच्या चालींचा मोठा भरणा असे. टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांच्या ढंगाच्या चाली आणल्या, आणि बालगंधर्वांच्या कंठातून त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. मराठी नाट्यसंगीताला यामुळे जे वळण लागले, ते पुढे दीर्घकाळ टिकले.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. टेंबे पुढे या भागीदारीतून बाहेर पडले व त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. 'पटवर्धन', 'वरवंचना' इत्यादी नाटके त्यांनी लिहिली. परंतु नाटककार म्हणून त्यांना संगीतकाराइतके यश लाभले नाही.

चित्रपट

प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' (१९३२, दिग्दर्शक व्ही. शांताराम) हा पहिला मराठी बोलपट मानला जातो. टेंबे यांनी त्याला संगीत दिले व दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्राची भूमिका केली. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा आली नव्हती. नटाला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. म्हणून वयाच्या पन्नाशीत असलेल्या या गायक-नटाची निवड स्वाभाविक होती. 'मायामच्छिंद्र', 'सिंहगड' व 'सैरंध्री' या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच आहे.

उत्तरायुष्य व लेखन

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. हे वाद्य भारतीय संगीताला प्रतिकूल आहे, अशी त्यामागची भूमिका होती. पेटीच्या मर्यादांविषयीचा हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता. पण टेंबे यांच्यासारख्यांनी त्या मर्यादांतून काय साधले होते, याचा विचार त्यात झालेला दिसत नाही. त्यांच्या हयातीत ही बंदी उठली नाही.

'माझा संगीत व्यासंग' (१९३९) हे त्यांचे पुस्तक मराठी संगीतविषयक लेखनात महत्त्वाचे मानले जाते. स्वतः ऐकलेल्या कलावंतांचे गाणे एका वादकाच्या कानाने त्यात टिपलेले असल्याने, ध्वनिमुद्रण दुर्मीळ असलेल्या त्या काळाच्या अभ्यासकाला ते उपयुक्त ठरते. 'माझा जीवनविहार' (१९४८) हे त्यांचे आत्मकथन आहे. याशिवाय त्यांनी अल्लादियाखाँ यांचे चरित्रही लिहिले.