चौलच्या वाटेवरचे झेवियर

अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याच्या कोटातून जातो. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या हिरवाईत बुडालेले पोर्तुगीजांचे भग्नावशेष. त्यांतच, उंच ‘सातखणी’ मनोऱ्याच्या तुलनेने अगदी सामान्य वाटणारे, एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी येथे प्रवचने केली अशी परंपरा आहे. ३ डिसेंबरला त्यांचा स्मृतिदिन येतो, तेव्हा जग गोव्याकडे पाहते. रेवदंड्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. आणि तरीही या थोर, पण वादग्रस्त पुरुषाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड पेच समजून घ्यायचा तर गोव्यातील चांदीच्या पेटीपेक्षा चौलची ही सागरी वाट अधिक उपयोगी आहे.

झेवियर यांचा जन्म १५०६ सालचा, नव्हारच्या राज्यातील एका गढीत. ते लहान असतानाच कॅस्टिलने नव्हार गिळंकृत केले, वडील वारले आणि विजेत्यांच्या हुकुमाने गढीचे बुरूज पाडण्यात आले. थोरले भाऊ हरलेल्या पक्षाकडून लढले. जेत्यांची सत्ता दारात येऊन उभी राहते म्हणजे काय, हे त्यांनी पोरवयातच पाहिले होते. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात ते अध्यापक झाले. तेथे इग्नेशियस लोयोला यांची गाठ पडली आणि १५३४ साली सात सोबत्यांनी व्रत घेतले. येशूसंघाचा उगम तो हाच.

६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले ते पोपचे प्रतिनिधी या नात्याने. या पदाला शोभेल असा थाट त्यांना सहज मांडता आला असता. त्यांनी मुक्काम केला तो राजाच्या रुग्णालयात. रात्री रोग्यांच्या उशाशी, दिवसा तुरुंगातील बंद्यांकडे, रविवारी शहराबाहेरच्या महारोग्यांत असा त्यांचा क्रम. दुपारी घंटा वाजवीत ते रस्त्याने निघत आणि मुले व गुलाम यांना गोळा करून सोप्या चालींवर धर्माचे पाठ शिकवीत. धर्म म्हणजे परलोकाची तजवीज असे मानणाऱ्या काळात त्यांनी तो आजच्या दिवसाच्या कामाला जुंपला.

त्याच वर्षी ते दक्षिणेला मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांत गेले. या लोकांचा बाप्तिस्मा काही वर्षांपूर्वीच झाला होता. शत्रूंपासून पोर्तुगीज संरक्षण मिळावे हा त्यातला मोठा भाग होता. बाप्तिस्मा देऊन पाद्री निघून गेले, शिकवायला कोणी राहिले नाही. झेवियर यांना तमिळ येत नव्हते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांनी प्रार्थना आणि दहा आज्ञा तमिळमध्ये उतरवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि गावोगाव म्हणवून घेतल्या. १५४४ साली परवरांवर सैन्याची धाड पडली आणि लोक जीव घेऊन समुद्रातल्या खडकांवर चढून बसले. तेव्हा हा धर्मगुरू अन्नाने भरलेल्या होड्या घेऊन निघाला. वारा उलटा होता. होड्या पोचल्या नाहीत. मग ते पायी कन्याकुमारीकडे चालत गेले.

पण खरा धक्का बसला तो स्वधर्मीयांकडून. पोर्तुगीज अंमलदार या गरीब लोकांना लुबाडीत, त्यांच्यातील माणसे गुलाम म्हणून पळवीत, शत्रूशी घोड्यांचा व्यापार करीत. अशा ख्रिस्त्यांकडे पाहून कोणाला ख्रिस्त कसा पटावा, हा प्रश्न झेवियर यांच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा उमटतो. परधर्मीयांच्या विरोधापेक्षा आपल्याच लोकांचे वर्तन त्यांना मोठा अडथळा वाटू लागले.

त्याच सुमारास जाफनाच्या राजाने मन्नार बेटावरील शेकडो नवख्रिस्ती मारले. झेवियर गव्हर्नराची गाठ घेण्यासाठी कोचीनहून जहाजाने उत्तरेकडे निघाले. गोव्यापुढे ही वाट चौलवरूनच जाते. म्हणजे रोग्यांची सेवा करणारा हा साधू या किनाऱ्यावरून जात होता तो, जाफनावर आरमार पाठवा अशी विनंती घेऊन. गव्हर्नराने मान्यता दिली. पण पेगूहून आलेले मालाने भरलेले एक पोर्तुगीज जहाज जाफनाच्या किनाऱ्याला लागले, आणि तो माल सुटून येईपर्यंत मोहीम थांबली. ती पुढे झालीच नाही. मोहीम बारगळली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र ज्या सत्तेच्या भरवशावर झेवियर धर्म राखू पाहत होते, तिच्या तराजूत धर्माचे वजन किती होते, ते एका जहाजाच्या मालाने दाखवून दिले.

यापासून त्यांनी घेतलेला धडा मात्र चुकीचा होता, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. १५४६ साली मोलुक्का बेटांतून पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्यांनी गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे अशी मागणी केली. ते स्थापन झाले १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. पुढच्या अडीचशे वर्षांच्या छळाचा सगळा भार त्यांच्या माथी मारणे अन्याय होईल. पण सत्तेचे दुर्गुण सत्तेच्याच चाबकाने सुधारतील ही त्यांची समजूत होती, आणि भक्तांच्या चरित्रलेखनात हे पान सहसा गाळले जाते.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानला पोचले. येथे ना पोर्तुगीज किल्ला, ना गव्हर्नर. देवासाठी वापरलेला जपानी शब्द एका बौद्ध उपास्याचा आहे हे कळताच तो त्यांनी टाकून दिला. फाटक्या वस्त्रांतल्या भिक्षेकऱ्याचे कोणी ऐकत नाही हे दिसल्यावर चांगली वस्त्रे घालून यामागुचीच्या सरदारापुढे भेटवस्तू ठेवल्या. आमचे पूर्वज नरकात आहेत काय, असे जपानी माणसे रडत विचारीत. ते ऐकून झेवियरही व्यथित होत. उत्तर त्यांना बदलता आले नाही, तरी समोरच्या माणसाला समजावून घेतल्याखेरीज पाऊल पुढे पडत नाही, हे ते येथे शिकले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे हे शिकणे लहानसहान नव्हे.

चीनला जाण्याचा बेत मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने हाणून पाडला. पुन्हा स्वकीयच! तरीही ते शांगच्वान बेटापर्यंत गेले आणि चोरून पलीकडे नेण्याचे कबूल केलेल्या चिनी व्यापाऱ्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. उशाशी एकही धर्मगुरू नव्हता. अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती होता. शव १५५४ मध्ये गोव्यात आले आणि १६२२ साली त्यांना संतपद मिळाले.

चौल १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती आले. गव्हर्नर गेले, कप्तान गेले, कोटातल्या देवळांची छपरे कोसळली. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईची ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली. तिच्या पाठीशी ना आरमार उरले होते, ना राजा. पोर्तुगीज वळणाची, ‘नो लिंग’ म्हणजे आपली बोली म्हणून ओळखली जाणारी भाषा तिने घरात राखली, आणि बाजारात ती मराठी बोलू लागली.