आन्नाचे शंभर थेलर

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिकडे गेलेल्या आईबापांना नायगारा आणि लास व्हेगास दाखवल्याखेरीज मुलांना चैन पडत नाही. त्याप्रमाणे आमचीही लास व्हेगासला रवानगी झाली. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजलेले. जुगाराचा माझा अनुभव म्हणजे शाखेच्या सहलीत, बसच्या मागच्या बाकावर खेळलेली पाच पैसे पॉइंटची रमी. मुलाने मला पोकरच्या एका टेबलाशी नेऊन बसवले. खेळ ‘लिमिट’चा होता, दोन आणि चार डॉलरचा. हातात दोन पत्ते, टेबलावर हळूहळू उघडणारे पाच. बोली लावायच्या चार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन डॉलरनेच वाढवायचे, पुढच्या दोनांत चार-चारने, आणि एका फेरीत तीनपेक्षा जास्त वेळा वाढवायचे नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला. कितीही वेडेपणा केला तरी एका डावात ४८ डॉलरच्या वर जाऊच शकत नाहीत. बँकवाल्याला पसंत पडेल असाच खेळ.

तरीही हिने पर्समधून शंभर डॉलर मोजून दिले आणि बाकीचे पाकीट स्वतःजवळ ठेवले. तीन तासांनी मी साठ डॉलर घालवून उठलो. बाहेर पडायची वाट रूलेटच्या दालनातून होती. तिथे दहा मिनिटे नुसता उभा राहिलो. चक्र फिरत होते, गोळी टणटणत होती, आणि मला आठवत होता तो असे चक्र पाहिल्याला दीडशे वर्षे होऊन गेलेला एक रशियन माणूस आणि त्याची बायको.

फ्योदोर मिखाइलोविच दस्तयेवस्की. जन्म मॉस्कोचा, १८२१ सालचा. १८४९ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्याला वधस्तंभापाशी नेऊन शेवटच्या क्षणी शिक्षा बदलल्याचे सांगितले, मग ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरी, मग सायबेरियातच शिपाईगिरी, ही हकीकत वाचकांना माहीत असते. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच्या खात्यात रस आहे. तीसेक वर्षे कर्जखाती पाहिल्यावर थोर माणसाचे चरित्रही जमा-खर्चाच्या बाजूने वाचायची खोड लागते. तिला माझा इलाज नाही.

खात्याची सुरुवात नफ्याने झाली, हेच वाईट झाले. १८६३ च्या उन्हाळ्यात पॅरिसला अपोलिनारिया सुस्लोवा नावाच्या तरुणीला भेटायला निघालेला दस्तयेवस्की वाटेत जर्मनीतल्या वीसबाडेनला उतरला आणि रूलेटवर १०,४०० फ्रँक जिंकला. काही त्यातच पुन्हा घालवले, तरी बरेच उरले. त्यातले काही त्याने रशियात क्षयाने झिजत असलेल्या बायकोसाठी पाठवले. सोबत मेहुणीला पत्र लिहून जिंकण्याचे रहस्यही कळवले. रहस्य अगदी साधे होते: प्रत्येक क्षणी डोके थंड ठेवायचे, उत्तेजित व्हायचे नाही, एवढे जमले की हरणे शक्यच नाही. पुढे थोड्याच दिवसांत बाडेन-बाडेनला उरलेले सगळे गेले, आणि घरी पाठवलेल्यातलेच काही परत मागवण्याची पाळी आली.

त्या थंड डोक्याच्या सिद्धान्तावर मी खूप विचार केला आहे. तो खोटा नाही. पोकरच्या टेबलावर तो खरा ठरला असता, कारण तिथे समोर माणसे असतात. तुम्ही घाबरलात, हावरे झालात, की ती ओळखतात आणि तुमचे पैसे नेतात. जुगारघर आपले प्रत्येक डावातून थोडे कापून घेते आणि बाजूला उभे राहते. रूलेटमध्ये समोर जुगारघरच असते. चक्राला तुमचे डोके थंड की गरम, याच्याशी कर्तव्य नाही. छत्तीस आकडे आणि एक शून्य, मिळून सदतीस घरे. बरोबर आकड्याला पैसे मिळणार पस्तीसपट. तेवढ्या एका शून्यात शेकडा सुमारे २.७ घराच्या वाट्याला राहतात. व्याजाचा दर म्हणून पाहिले तर स्वस्तच वाटेल, पण तो दर वर्षाचा नव्हे, दर फेरीचा. मानवी मनाच्या तळघरात इतका खोल उतरलेला लेखक इयत्ता सातवीचे हे गणित मांडत नाही आणि दर वेळी दोष स्वतःच्या उतावीळपणाला देतो. दोष स्वतःकडे घेतला की पुढच्या वेळी सुधारायची आशा राहते. गणिताला दोष दिला तर खेळच संपला.

१८६४ साली एप्रिलमध्ये बायको गेली, जुलैत मोठा भाऊ मिखाइल गेला. भावाची कर्जे आणि त्याचे कुटुंब फ्योदोरने अंगावर घेतले. पुढच्या वर्षी मासिक बंद पडले. सावकार दारात आले तेव्हा त्याने स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी असा करार केला, की तो वाचताना माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. तीन हजार रूबलच्या बदल्यात आजवरच्या लेखनाची आवृत्ती काढायचा हक्क, शिवाय १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी. ती न दिल्यास पुढची नऊ वर्षे तो जे काही लिहील ते सारे प्रकाशकाचे, फुकट. पैसे बहुतांशी देणेकऱ्यांकडेच गेले. उरलेले घेऊन हा गृहस्थ वीसबाडेनला गेला आणि पाच दिवसांत घड्याळासकट सगळे घालवून बसला.

हॉटेलवाल्याने जेवण बंद केले, चहा मात्र मिळत असे. रोज दुपारी तीन वाजता दस्तयेवस्की खोलीतून बाहेर पडे आणि सहाला परते; बाहेर कुठे जेवून आला आहे असे नोकरांना वाटावे म्हणून. तुर्गेनेव्हकडे शंभर थेलर उसने मागितले, त्याने पन्नास पाठवले. त्याच खोलीत, त्याच उपाशी दिवसांत त्याने कात्कोव्ह या संपादकाला एका नव्या कथेचा आराखडा लिहून पाठवला आणि तीनशे रूबल आगाऊ मागितले. पैशाअभावी शिक्षण सुटलेला एक विद्यार्थी गहाणावर कर्ज देणाऱ्या म्हातारीचा खून करतो, अशी ती कथा. ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा उगम हा. गहाणवट करणाऱ्या बाईच्या जिन्याची एकेक पायरी त्याने इतकी नेमकी का लिहिली, हे मला निराळे समजावून घ्यावे लागले नाही.

कराराची मुदत महिन्यावर आली तेव्हा त्याच्या हाती एक ओळही नव्हती. मित्रांनी लघुलेखिका ठेवायचा सल्ला दिला. ऑक्टोबर १८६६ मध्ये वीस वर्षांची आन्ना ग्रिगोर्येव्हना पेन्सिली घेऊन दारात उभी राहिली. त्याने सव्वीस दिवसांत तिला तोंडी सांगून ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी पुरी केली. रूलेटच्या नादी लागलेल्या तरुणाची गोष्ट. कथानायकाबद्दल आन्नाला फारशी सहानुभूती वाटली नाही, लेखकाला मात्र पुरेपूर होती. पुढची साडेचार वर्षे कशी जाणार हे खरे तर तिथेच दिसत होते. हस्तलिखित द्यायला तो गेला तेव्हा प्रकाशक गावाबाहेर. कागद पोलिसांच्या कचेरीत देऊन पोच घ्यावी, हा मार्ग आन्नाच्या आईने एका वकिलाला विचारून ठेवला होता. तारीख उलटायला दोनएक तास उरले असताना पोच मिळाली. फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले.

देणेकऱ्यांपासून आणि नातेवाइकांपासून सुटायला दोघे त्या एप्रिलमध्ये युरोपला निघाले. खर्चासाठी आन्नाने आपल्या माहेरच्या वस्तू, फर्निचर आणि पियानो गहाण टाकला. तीन महिन्यांचा बेत चार वर्षे लांबला. होम्बुर्गला तो एकटा जाऊन हरून आला. मग जुलैत दोघे बाडेन-बाडेनला आली, आणि ते सात आठवडे आन्नाने आपल्या लघुलिपीतल्या रोजनिशीत दिवसवार नोंदून ठेवले आहेत. खोल्या लोहारशाळेच्या वर, पहाटे चारपासून घणाचे घाव. आन्नाला दिवस गेलेले, सकाळी उलट्या. तो सकाळी काही नाणी घेऊन जाई, तासाभराने परत येऊन आणखी मागे, गुडघे टेकून रडे, स्वतःला शिव्या देई आणि पुन्हा जाई. कधी खिसे भरून येई, फळे आणि फुले आणी. संध्याकाळी फळे खाऊन व्हायच्या आत पैसे संपलेले असत. त्याने लग्नात दिलेला ब्रोच आणि हिरे-माणकांची कर्णफुले गहाण पडली. अंगठ्या पडल्या, सुटल्या, परत पडल्या. तिचा झगा आणि शालसुद्धा गेली. याच मुक्कामात तो तुर्गेनेव्हच्या घरी जाऊन त्याच्याशी भांडून आला, जुने पन्नास थेलर अजून द्यायचे असताना.

मी एका तालुक्याच्या गावी सोनेतारणाच्या टेबलावर होतो, तेव्हाची गोष्ट. एक बाई दर तीनचार महिन्यांनी त्याच दोन पाटल्या घेऊन येत. नवऱ्याचा मटक्याचा नाद गावाला माहीत होता. पाटल्या सुटत आणि परत येत. वजन मला तोंडपाठ झाले होते. तरी नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी सराफाने ते नव्याने करायचे आणि बाईंनी खाली मान घालून उभे राहायचे. मी एकदाही काही बोललो नाही. नियमात बोलायची तरतूद नव्हती. शेवटच्या वेळी त्या सोडवायला आल्याच नाहीत आणि लिलावाच्या नोटिशीवर माझीच सही होती. आन्नाची रोजनिशी वाचताना मला नेहमी त्या टेबलाच्या पलीकडची बाजू दिसते.

आन्ना त्याच्यावर फारशी चिडली नाही, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. काहींनी तिला देवी केले, काहींनी दुबळी ठरवले. मला दोन्ही पटत नाही. ती बघत होती. घालवून आल्यावर त्याची तडफड शांत होते आणि तो लिहायला बसतो, हे तिने हेरले होते. मार्च १८६८ मध्ये जिनेव्हाला सोन्याचा जन्म झाला. मूल महिन्याभराचे असताना तो साक्सों-ले-बँ येथे जाऊन पुन्हा हरून आला. मे महिन्यात तीन महिन्यांची सोन्या न्यूमोनियाने गेली. त्या वर्षी ‘द इडियट’ हप्त्याहप्त्याने छापली जात होती आणि हप्ता चुकवून भागणार नव्हते. या भागावर मला अधिक लिहवत नाही.

एप्रिल १८७१. मुक्काम ड्रेस्डेन. दुसरी मुलगी दीड वर्षाची, आन्नाला पुन्हा दिवस गेलेले. लिखाण अडले होते, मन उदास. घरात सुमारे तीनशे थेलर शिल्लक होते. त्यातले शंभर थेलर आन्नाने मनाने खर्ची टाकले आणि एकदा वीसबाडेनला नशीब अजमावून या, असे आपण होऊनच सुचवले. ते परत येतील अशी तिची अजिबात अपेक्षा नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तिने रक्कम देण्याआधीच बुडीत खाती टाकली होती. बाकीच्या पैशाला हात लागणार नव्हता. तो गेला आणि अर्थातच हरला. परतीसाठी तिने तीस थेलर पाठवले, तेही त्याने टेबलावर घातले. रात्री साडेनऊच्या सुमारास तो भ्रमिष्टासारखा रशियन धर्मगुरूकडे कबुलीजबाब द्यायला धावत सुटला आणि अंधारात ज्याला रशियन चर्च समजून पोचला ते ज्यूंचे प्रार्थनामंदिर निघाले. तसाच खोलीवर परत येऊन त्याने आन्नाला लांबलचक पत्र लिहिले. आणखी तीस थेलर मागितले, आणि दहा वर्षांचे हे भूत आता उतरले असून पुन्हा खेळणार नाही अशी शपथ घेतली. अशी शपथ त्याने पूर्वीही घेतली होती. या वेळी ती टिकली.

का टिकली, यावर चरित्रकारांची वेगवेगळी मते आहेत. कुणी स्वप्नावर भर देतात. त्याला वडील आणि केस पांढरे झालेली आन्ना स्वप्नात दिसली होती. माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला एक क्षुद्र शंका येते. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतली जुगारघरे कायद्याने बंद झाली. नंतर छातीच्या विकारासाठी तो चार वेळा जर्मनीत एम्सला राहून आला, तेव्हा तिथले चक्र थांबलेले होते. शपथेची परीक्षा त्या चक्रासमोर कधी झालीच नाही. अर्थात ज्याला खेळायचेच आहे त्याला मोनॅको फार दूर नव्हते, आणि तो तिकडे गेला नाही, हेही तितकेच खरे.

जुलै १८७१ मध्ये कुटुंब सेंट पीटर्सबर्गला परतले आणि बातमी लागताच देणेकरी जमा झाले. आता त्यांच्याशी बोलायला आन्ना पुढे आली. नवऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायची धमकी देणाऱ्या एकाला तिने शांतपणे समजावले, की खुशाल टाका. तो आत बसून काहीच कमावणार नाही आणि त्याच्या खाण्याचा खर्च कायद्याने तुम्हालाच भरावा लागेल. तो गृहस्थ हप्त्यांना कबूल झाला. वसुलीच्या कामात अशी माणसे समोर आली की आम्ही आतून खूश होत असू, वरून कितीही कपाळाला आठ्या घातल्या तरी. १८७३ मध्ये तिने ‘डेमन्स’ स्वतः छापली. कागद उधारीवर घेतला आणि पुस्तक घरातूनच विकले. पहिल्याच दिवशी ११५ प्रती गेल्या. स्ताराया रूसा या गावी घर झाले. भावाच्या वेळेपासूनची देणी फिटत फिटत १८८० च्या सुमारास संपली. फेब्रुवारी १८८१ मध्ये दस्तयेवस्की वारला.

बाडेन-बाडेनला गहाण पडलेला ब्रोच आणि कर्णफुले परत मिळाली नाहीत. अखेरच्या वर्षांत, हातात थोडा पैसा खेळू लागल्यावर, त्याने एके दिवशी आन्नासाठी नवी कर्णफुले आणली. एकेकच हिरा, फार मोठाही नाही. ती घालून ती त्याच्याबरोबर एका साहित्यिक मेळाव्याला गेली. इतर बायकांच्या अंगावर भारी दागिने होते. भिंतीवर मोठा आरसा होता. दस्तयेवस्की त्या आरशात पुन्हा पुन्हा पाहत होता आणि हसत होता. दिव्यांच्या उजेडात आन्नाचे हिरे उत्तम चमकत आहेत, असे त्याने तिला आनंदाने सांगितले.