बाटल्यांत बी पुरून ठेवणारे प्रोफेसर बील आणि बाळापूरच्या धुऱ्यावरचं गाजर गवत

पावसाळ्यात बाळापूर तालुक्यातल्या कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, पांढऱ्या फुलांचं गाजर गवत दिसणारच. उपटा, जाळा, तणनाशक मारा, पुढच्या मिरगात ते पुन्हा हजर. आपण म्हणतो, शेजाऱ्याच्या वावरातून बी उडून आलं. थोडं येतंही, पण बरंचसं बी आपल्याच मातीत पडून असतं. मातीतल्या या साठ्याला शास्त्रज्ञ बीजपेढी म्हणतात. ही पेढी किती वर्षं टिकते, हे शोधायला एका माणसानं १८७९ साली खड्डा खणला. तो प्रयोग अजून संपलेला नाही.

त्यांचं नाव विल्यम जेम्स बील. जन्म १८३३चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. घर शेतकऱ्याचं, त्यामुळे तण काय असतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे ते हार्वर्डला गेले. तिथे त्यांना एसा ग्रे आणि लुई अगासिझ यांच्यासारखे गुरू मिळाले. आधी वस्तू डोळ्यांनी नीट बघायची, पुस्तक नंतर, ही अगासिझ यांची रीत बील यांनी आयुष्यभर पाळली.

१८७० पासून ४० वर्षं त्यांनी मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात शिकवलं. १८७३ साली तिथे वनस्पती उद्यान सुरू केलं. मक्याच्या वेगवेगळ्या वाणांचा संकर करून उत्पन्न वाढतं का, हेही तपासलं. खरं तर तेवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं.

पण शेतकऱ्यांची अडचण वेगळीच होती. दरवर्षी निंदण करायचं, मजुरी द्यायची, तरी तण उगवतंच. हे किती वर्षं चालणार?

बील यांनी २० बाटल्या घेतल्या. २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया ओलसर वाळूत मिसळून प्रत्येक बाटलीत भरल्या. बाटल्यांना बूच लावलं नाही. आत पाणी साचू नये म्हणून तोंड खाली कलतं ठेवून त्या सुमारे दीड-दोन फूट खोल पुरल्या. दर ५ वर्षांनी एक बाटली काढायची आणि बी पेरून बघायचं. पुढे हे अंतर १० वर्षांचं झालं, मग २० वर्षांचं.

१९१० साली ते निवृत्त झाले आणि बाटल्यांची जागा पुढच्या प्राध्यापकांच्या हवाली केली. १९२४ साली, ९१व्या वर्षी ते गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त बाटल्या जमिनीतच होत्या.

२००० साली १५वी बाटली उघडली. त्यातल्या व्हर्बॅस्कम ब्लाटारिया या तणाच्या ५० पैकी २३ बिया उगवल्या, १२० वर्षांनी! हे तण मूळचं अमेरिकेचं नाहीच, ते युरोपातून तिथे जाऊन पसरलंय. २०२१ साली १६वी बाटली रात्रीच्या अंधारात खणून काढली, कारण उजेड लागला की काही बिया जाग्या होतात. त्यातल्याही २० उगवल्या.

आता आपल्या गाजर गवताकडे या. ते मेक्सिकोच्या बाजूचं. आपल्याकडे १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. एका झाडाला हजारो बिया धरतात. जमिनीवर पडलेलं बी लवकर मरतं, पण गाडलं गेलेलं बरीच वर्षं टिकतं. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, बी त्यात जातं आणि पहिल्या पावसात भेग मिटते. म्हणजे बील यांच्या बाटलीसारखंच काम, तेही फुकटात. नंतर वखर फिरला की त्यातलंच काही बी वर येतं.

१९८४ साली यावर मेक्सिकन भुंगा आणला. तो पानं खातो, झाड वाळवतो. मातीतल्या बियांना मात्र तो काहीच करत नाही.

म्हणून उपटायचं ते फुलावर येण्याआधी, आणि सलग काही वर्षं. बी धरलेलं झाड उपटून धुऱ्यावर फेकलं, तर पेढीत भरच पडते. अंगाला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

बील यांच्या ४ बाटल्या अजून जमिनीत आहेत. पुढची २०४० साली निघेल, शेवटची २१०० साली.